पहिल्यांदा बर्फात जाणाऱ्यासाठी

भावा, सोलापुरातनं थेट मनालीच्या वरच्या बर्फात जायचं म्हणतोयस, जा की, पण स्टॅमिना आहे म्हणून निर्धास्त राहू नको. आपल्याला बर्फाची सवय नाही त्यामुळं सगळा सारखाच पांढरा दिसतो, पण तो थरांचा असतो, आणि खालचा एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहिला की वरची अख्खी लादी सुटून येते, म्हणजे हिमस्खलन होतं. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, उतार मोजायचं ॲप घेच. मोठा बर्फ पडला की पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात डेंजर, आकाश निळंशार असलं आणि ग्रुप चला चला म्हणत असला तरी थांबायचं. वाऱ्यानं आडोशाच्या बाजूला साठवलेल्या बर्फाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, दिसायला एकदम गुळगुळीत. पायाखाली धप्प आवाज आला किंवा भेगा पळत गेल्या तर तिथनंच मागं फिर. डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज बघत जा. ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, सिग्नल सोडणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडं पाहिजे, आणि ट्रान्सीव्हर लपवून शोधायची प्रॅक्टिस इथंच होम मैदानावर करून जा, कारण गाडलेला माणूस वाचायची शक्यता १५ मिनिटांनंतर झपाट्यानं कमी होते, तेवढ्यात बाहेरची मदत येत नसते, सोबतच्यांनीच काढायचं असतं.