एक्स-रे नॉर्मल, मग खांदा दुखतोय कशानं?

मी मनाच्या तक्रारी बघते, तरी हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा ऐकायला मिळतो, आणि त्याच्या मागोमाग हळू आवाजात दुसरा, "म्हणजे हे मनाचंच आहे का मॅडम?"

मंगळवार पेठेतल्या एक ताई आलेल्या, पन्नाशीच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). उजवा खांदा सहा महिने दुखत होता, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि घरचे म्हणायचे टेन्शन घेऊ नको. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "मी काय नाटक करतोय व्हय?" आमच्या कोल्हापुरात बायकापण करतोयच म्हणतात, ते सोडा.

मी विचारलं, वेणी कोण घालतं?
"बॉबकट केला की. हात मागं जातच नाही."

तिथंच मी थांबले. एक्स-रेत हाडं दिसतात, स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण काय धड दिसत नाही. दुसऱ्यानं धरून उचलला तरी हात वर जात नसेल तर फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो, चाळिशी-साठीत येतो, बायकांत जास्त, शुगर असेल तर फारच. दुखणं मानेतून येत असेल तर बोटांपर्यंत मुंग्या येऊ शकतात. तेलकट खाल्ल्यावर उजवा खांदा दुखत असेल तर पित्ताशयपण बघावं लागतं. आणि खांद्यासोबत छातीत जड वाटलं, घाम फुटला, तर माझ्याकडं काय येताय, थेट दवाखान्यात पळा! म्हणून मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवते, मन नंतर. या ताईंची शुगर वाढलेली निघाली, खांदा फ्रोजनच होता.

तरी त्या परत आल्या, कारण फिजिओनं दिलेले व्यायाम होतच नव्हते. वेळ कुठाय म्हणाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दिवसातून चारदा उचलून बसवायचं.

"घरात अजून कोण असतं?"
"पोरगा. पण तो सकाळ-संध्याकाळ तालमीत असतो."
"तालमीत काय करतो?"
"वजनं उचलतो की..."

आणि वाक्य अर्धंच राहिलं. बघत राहिल्या माझ्याकडं, मग हसल्या, मग डोळ्याला पदर. मी मुद्दाम काही बोलले नाही, इतक्या वर्षांत एवढं तरी जमायला लागलंय. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्याला कधी विचारलंच नाही वो."

आता उचलण्यानं खांदा आखडला असं मी म्हणणार नाही, पण बरं व्हायला त्याला सवडच मिळत नव्हती. माझं आपलं मत आहे की दुखणं एकाच्या अंगात असलं तरी त्याची वाटणी घरात आधीच झालेली असते. म्हणून मी पेशंटला कामांची यादी करायला लावते, कोण काय करतं, आणि त्यातलं एकच काम कुणाला तरी द्यायचं, सगळी नाही. शुगर सांभाळायची, व्यायाम रोज थोडे, आणि कुणाकडून झटका देऊन हात मोकळा करून घ्यायचा नाही. फ्रोजन शोल्डर सुटायला वर्ष-दोन वर्षंपण लागतात, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

परवा फोन आलेला. पोरगा आजीला उठवतो, पण आजी म्हणते तुझ्या आईचा हात मऊ होता.