समुद्री टाकीत रेती घालावी की तळ उघडा ठेवावा?

तुमची टाकी चार फुटी, त्यात दोन क्लाउनफिश आणि एक येलो कोरिस रॅस घ्यायचा बेत, आणि कुणीतरी सांगितलंय की "रेती म्हणजे नायट्रेटचा कारखाना, तळ उघडाच ठेवा." नायट्रेट म्हणजे माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साचणारा पदार्थ. अगदी हेच शब्द मी इथे बडोद्यात माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

रॅस घेणार असाल तर रेती घालाच. रेती घालायची नसेल तर रॅस घेऊ नका.

माझी टाकीही चार फुटीच, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, २०१३ पासून. तळाला दीड-दोन इंच अ‍ॅरागोनाइट, म्हणजे चुनखडीसारखी पांढरट समुद्री रेती. त्याच वर्षी मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून एक येलो कोरिस आणली, रात्रीच्या गाडीत पिशवी मांडीवर धरून. बोटाएवढी, पिवळीधम्मक, पाठीच्या पराला काळे ठिपके. आईनं तिचं नाव हळकुंड ठेवलं.

संध्याकाळी दिवे मालवायच्या आधीच ती डाव्या कोपऱ्यात यायची. रेतीवर एक घिरटी, मग जरा तिरकी होऊन डोकं खाली, शेपटीचे दोन फटके, आणि गडप. मागे थोडी रेती भुरभुरत बसायची, बस्स. सकाळी दिवे लागल्यावर आधी तोंड वर यायचं, मग डोळे. ती इकडेतिकडे नीट बघून घ्यायची आणि मगच बाहेर पडायची. आई पूजेला बसण्याआधी "उठली का हळकुंड?" म्हणून डोकावून जायची. हा मासा रेतीतच झोपतो, भ्याला तरी रेतीतच शिरतो. ती त्याची हौस नाही, त्याचं घर आहे.

२०१८ च्या डिसेंबरात पुण्याला लग्न होतं. आठ दिवस टाकी दादावर सोपवली. दादा मांजलपूरला राहतो, त्याची स्वतःची टाकी उघड्या तळाची आहे आणि तो हे काम माझ्यापेक्षा आधीपासून करतो. परत आलो तर तळ आरशासारखा चकचकीत. रेतीचा कण नाही. सगळी पोत्यात भरून गॅलरीत ठेवलेली. "नायट्रेट ४० पीपीएम होतं तुझं, १० वर आणून दिलं," दादा म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केलेत.

त्या संध्याकाळी हळकुंड डाव्या कोपऱ्यात आली. घिरटी घातली, तिरकी झाली आणि डोकं काचेवर आपटलं. पुन्हा आली, पुन्हा आपटलं. टक्, टक् असा आवाज बाहेर ऐकू येत होता. रेती काढून पाच दिवस झाले होते, म्हणजे पाच संध्याकाळी हेच चाललं असणार. खालचा ओठ फाटून पांढरा पडला होता. मी आईचा काचेचा चौकोनी डबा घेतला, पोत्यातली रेती मिठाच्या पाण्यानं धुऊन त्यात तीन इंच भरली आणि कोपऱ्यात ठेवली. दोन मिनिटांत ती आत शिरली. पण तोंडानं काही धरता येईना. मायसिस, म्हणजे खाण्याची बारीक कोळंबी, समोरून तरंगत जायची, ती झेपावायची आणि घास सुटून जायचा. अकराव्या दिवशी ती रेतीतून वर आलीच नाही.

दादा आजही म्हणतो, पाच वर्षांचा मासा होता, जायचाच होता. मला ते मान्य नाही.

नायट्रेट रेती बनवत नाही. माशांचं खाणं आणि विष्ठा यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तळाला रेती असो वा नसो. रेतीत गाळ अडकतो, आणि तो काढायचा असतो. माझं ४० झालं होतं कारण मी दोन महिने सायफन, म्हणजे गाळ ओढून घेणारी नळी, फिरवला नव्हता, ती चूक माझी. चार वेळा पाणी बदलून ते खाली आलं असतं, आणि ४० नायट्रेटनं ती मेली नसती. उलट सगळी रेती एका दिवसात काढली की जिवाणूही जातात आणि दबलेली घाण पाण्यात उसळते.

दादाची टाकी उत्तम चालते, कारण त्याच्याकडे अ‍ॅक्रोपोरा जातीचे प्रवाळ आहेत. त्यांना जोराचा प्रवाह लागतो, त्या प्रवाहात रेती उडून प्रवाळांवरच बसेल. आणि रेतीत झोपणारा एकही मासा त्यानं ठेवलेला नाही. त्याच्यासाठी उघडा तळच बरोबर. मासा कोणता, हे न विचारता तो सगळ्यांना तेच सांगतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमचं. अ‍ॅरागोनाइट, दाणा एक-दोन मिलिमीटर, थर दोन इंचांच्या आत. चार बाय दीड फुटाला ३०-३५ किलो लागेल. पाणी नितळ येईपर्यंत बादलीत धुवा. चार-पाच इंचांचा थर पहिल्याच टाकीत नको, खाली प्राणवायू पोचत नाही आणि ढवळला गेला तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो. मही नदीची बांधकामाची रेती किंवा वलसाडजवळच्या तिथल किनाऱ्याची काळी रेती फुकट मिळते म्हणून घालू नका. सुरुवातीला वर तपकिरी थर येईल, घाबरू नका, तो जातो. पाणी बदलताना दर वेळी एक तृतीयांश रेतीत सायफन फिरवा. नॅसॅरियस गोगलगायी चार-पाच सोडा, उरलेलं खाणं त्या रेतीत शिरून संपवतात.

हो, रॅसचा बेत रद्द करून फक्त क्लाउनच ठेवणार असाल तर रेती नसली तरी चालेल, अमोनियाचं काम लाइव्ह रॉकमधले, म्हणजे टाकीतल्या समुद्री दगडांतले, जिवाणू करतात. आणि रेती घातलीत तर दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा, रेती नंतर, नाहीतर खालून उकरलं गेलं की दगड कोसळतात.

गावाला जाताना टाकी कुणावर सोपवलीत तर खाणं रोजच्या रोज मोजून पुड्यांत बांधून ठेवा, आणि तळाला हात लावायचा नाही असं कागदावर लिहून काचेला चिकटवा. मी आता तसंच करतो, दादा येणार असला तरी.