व्हीपीएन जोडले जाते, पण नेट चालत नाही

प्रश्न : नाशिकच्या घरी मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड हा व्हीपीएनचा (सुरक्षित खासगी जोडणीचा) प्रोग्राम बसवला आहे. कामानिमित्त महिन्यातील बरेच दिवस मी प्रवासात असतो आणि हॉटेलातील किंवा स्थानकावरील वायफायवरून बँकेची कामे करणे मला नको वाटते. म्हणून फोनवरील सर्व वाहतूक घरच्या ब्रॉडबँडमधून जावी, असा हेतू आहे. फोनवर व्हीपीएन सुरू करताच ते चालू असल्याचे दिसते आणि पायला जोडलेल्या हार्ड डिस्कवरील फाइलीही उघडतात, म्हणजे घरचे नेटवर्क व्यवस्थित सापडते. मात्र एकही संकेतस्थळ उघडत नाही. मी डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून पाहिला, किल्ल्या (दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखण्याचे संकेतांक) नव्याने तयार केल्या, पोर्टही (जोडणीचा क्रमांक) बदलला. चूक कोठे असावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील ‘घरचे नेटवर्क व्यवस्थित सापडते’ हे वाक्य मला मान्य नाही, आणि बहुधा तेथेच आपला शोध भरकटला. ज्या फाइली आपण पाहता त्या पायवरच आहेत, आणि टनेलचे, म्हणजे व्हीपीएनच्या बंदिस्त मार्गाचे, घरचे टोकही पायवरच आहे. त्यामुळे फाइली उघडल्या यावरून फोनपासून पायपर्यंतचा रस्ता मोकळा आहे एवढेच सिद्ध होते. पायच्या पुढे, म्हणजे राउटरकडे आणि तेथून बाहेर, काही जाते की नाही याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. मात्र फाइली आपण घराबाहेरून उघडल्या असतील, तर एक गोष्ट नक्की झाली : किल्ल्या, पोर्ट आणि राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी पायकडे वळवणे) हे तिन्ही निर्दोष आहेत. ते यापुढे बदलू नका.

आता मोबाइल डेटावर राहून, व्हीपीएन चालू ठेवून, ब्राउझरमध्ये घरच्या राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ असतो. राउटरचे पान उघडले नाही, तर दोष पायमध्येच आहे असे समजून चालावे. पायवर टीसीपीडम्प हे ये-जा करणारी पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) दाखवणारे साधन बसवून घ्या आणि फोनवरून १.१.१.१ या इंटरनेटवरील सार्वजनिक पत्त्याला पिंग करताना, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारे पॅकेट पाठवताना, पायच्या बाहेरच्या इंटरफेसवर, म्हणजे राउटरकडे जाणाऱ्या बाजूला, काय दिसते ते पाहा. पॅकेट तेथे दिसतच नसेल, तर पायने ते पुढे पाठवलेले नाही. लिनक्समध्ये एका इंटरफेसवर आलेले पॅकेट दुसऱ्यावर पाठवण्याची मुभा सहसा बंद असते. आयपी फॉरवर्डिंगच्या सेटिंगची किंमत ० असते, ती १ करावी लागते, आणि सिसकंट्रोलच्या (sysctl) फाइलमध्ये नोंद केली नाही तर पाय पुन्हा सुरू होताच ती परत ० होते. किंमत १ असूनही पॅकेट अडत असेल, तर फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीकडे, म्हणजे पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांकडे, पाहा. त्याच पायवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) बसवले असेल तर संशयाची सुई आधी तिकडे वळवावी, कारण डॉकर त्या साखळीचे धोरण ‘ड्रॉप’ (पॅकेट टाकून देणे) असे करून ठेवू शकते.

पॅकेट बाहेर पडताना दिसते, पण त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.८.०.२ असा, म्हणजे टनेलच्या आतलाच आहे, अशी स्थिती असेल तर मास्करेडचा नियम लागू होत नाही. घरच्या राउटरला १९२.१६८.१ ने सुरू होणारी मंडळी ठाऊक असतात, १०.८.० हे कुळ कोठे राहते हे त्याला कोणीच सांगितलेले नसते. उत्तर देण्याची वेळ आली की तो ते पायकडे न देता बाहेरच्या दिशेला धाडतो किंवा टाकून देतो. मास्करेडचा नियम असेल तर पाय प्रत्येक पॅकेटवर स्वतःचा पत्ता घालून ते पाठवतो आणि उत्तर आले की ते योग्य फोनला पोचवतो.

हा नियम आपण कोणत्या तरी मार्गदर्शिकेतून उतरवून घेतला असणार, आणि त्यात इंटरफेसचे नाव ‘ईटीएच०’ असणार. पाय वायफायने राउटरला जोडलेला असेल तर ते नाव ‘डब्ल्यूलॅन०’ हवे. मी स्वतः एकदा केबल काढून पाय वायफायवर घेतला आणि हा नियम बदलायला विसरलो. रविवारची अख्खी संध्याकाळ त्यात गेली, कारण नियम वाचताना तो अगदी बरोबर दिसतो आणि चुकीच्या इंटरफेसबद्दल लिनक्स तक्रार करत नाही. ‘आयपी रूट’ ही आज्ञा देऊन ‘डीफॉल्ट’ या ओळीत जे नाव दिसेल तेच नियमात घाला.

एवढे झाल्यावर १.१.१.१ ला पिंग जाते पण संकेतस्थळाचे नाव उघडत नाही, असे झाले तरच डीएनएसकडे वळावे. फोनच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून पायचा टनेलमधील पत्ता लिहिला असेल आणि पायवर डीएनएस देणारी सेवाच चालू नसेल, तर उत्तर कोण देणार? तेथे राउटरचा पत्ता लिहावा.

याहून चकवणारी एक अवस्था पुढे येऊ शकते, म्हणून आधीच सांगतो : पिंग जाते, हलकी पाने उघडतात, पण बँकेचे पान अर्ध्यावर अडकून राहते. ही एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, खूण आहे. वायरगार्ड प्रत्येक पॅकेटला आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीवर ६० आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर ८० बाइटचे वेष्टन घालते. नेहमीच्या १५०० बाइटमधून ८० वजा करून त्याचा नेहमीचा आकडा १४२० येतो. घरचे ब्रॉडबँड पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणीच्या) पद्धतीचे असेल तर आणखी ८ बाइट जातात आणि १४१२ उरतात. मोठे पॅकेट वाटेत गळते, आणि ते गळाल्याची सूचना परत येण्याआधीच एखादी फायरवॉल ती अडवते. फोनच्या सेटिंगमध्ये एमटीयू १२८० करून पाहा. पान पूर्ण उघडू लागले तर निदान पक्के, मग आकडा हळूहळू वर न्या.

सर्व सुरळीत झाल्यावरही आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे पान उघडून तो घरच्या ब्रॉडबँडचाच आहे ना, याची खात्री करा. टनेलमधून काय जावे हे ठरवणाऱ्या ‘अलाउड आयपी’ या रकान्यात केवळ ०.०.०.०/० असेल, तर फक्त आयपीव्ही४ टनेलमधून जाते. मोबाइल डेटावर आयपीव्ही६ आता सर्रास असते, आणि ती वाहतूक टनेलला वळसा घालून थेट बाहेर पडू शकते. नेट उत्तम चालते आणि हेतू मात्र फसतो. त्याच रकान्यात स्वल्पविराम देऊन ::/० हेही लिहा.

प्रश्न : माझ्याकडे याच्याही आधीची अडचण आहे. घराबाहेरून वायरगार्ड सुरू केले की ते चालू दिसते, पण घरातील काहीच उघडत नाही. राउटरवर यूडीपी (पॅकेट पाठवण्याची एक पद्धत) ५१८२० हा पोर्ट पायकडे वळवला आहे, तरी पोर्ट तपासणारी संकेतस्थळे तो बंद असल्याचे सांगतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या संकेतस्थळांवर विसंबू नका. त्यांतील बरीचशी टीसीपी ही दुसरीच पद्धत तपासतात, आणि यूडीपी तपासले तरी वायरगार्ड अनोळखी पॅकेटला जाणूनबुजून उत्तर देत नाही. फोनवरील ‘चालू’ या शब्दालाही अर्थ नाही. पलीकडे कोणीही नसताना तो दिसतो. पायवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा द्या आणि शेवटचे हँडशेक (दोन टोकांनी एकमेकांना ओळखणे) केव्हा झाले ती ओळ शोधा. ती ओळच नसेल, तर दोन्ही टोकांची भेट झालेलीच नाही. मग दोन्हीकडच्या किल्ल्या एकदा पडताळून घ्या.

किल्ल्या बरोबर असतील, तर राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर आपली सेवाकंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत आहे. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी आपल्या राउटरवर पोर्ट कितीही वळवला तरी बाहेरचे पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. सेवाकंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागणे हा सरळ उपाय, त्याला बहुधा वेगळे शुल्क पडते. घरी आयपीव्ही६ मिळत असेल आणि राउटरची फायरवॉल ते आत सोडत असेल, तर त्या पत्त्यावर जोडणी करता येते. मात्र आपण जेथून जोडणार तेथेही आयपीव्ही६ हवे. तेही नसेल तर भाड्याचा छोटा सर्व्हर मध्यस्थ ठेवावा : पाय आतून बाहेर त्याच्याशी जोडलेला राहील, फोनही त्याच्याशीच जोडेल, आणि पायच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवण्यासाठी ठरावीक वेळाने जाणारे पॅकेट) २५ सेकंद ठेवल्यास ती वाट मिटणार नाही.