अमेरिकेत एफ-१ व्हिसावर (विद्यार्थी व्हिसा) आहे. मागच्या सेमिस्टरला डिप्रेशनमुळे दोन विषयांत एफ (नापास) आले. आता मागाहून मेडिकल विथड्रॉवल, म्हणजे आजारपणाच्या कारणाने विषय मागे घेणं, मिळेल का?

मिळू शकतं. मंजूर झालं की एफच्या जागी डब्ल्यू (विषय मागे घेतल्याची खूण) येतो आणि तो जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. अर्ज बहुतेक ठिकाणी डीन ऑफ स्टुडंट्स किंवा रजिस्ट्रारकडे जातो. मुदत आधी बघून घ्या.

सगळं अडतं ते डॉक्टरांच्या पत्रावर. ‘पेशंटला डिप्रेशन आहे’ एवढ्यावर भागत नाही. उपचार कधी सुरू झाले, त्या महिन्यांत झोप, एकाग्रता, वर्गात जाणं किती बिघडलं होतं, हे तारखांसकट हवं. तेव्हा डॉक्टरकडे गेलाच नसाल तर काम अवघड, पण प्रोफेसरांना त्या काळात पाठवलेले ईमेल जोडा.

बरेचदा अख्खं सेमिस्टरच मागे घ्यावं लागतं, म्हणजे कष्टाने मिळवलेली बी ग्रेडसुद्धा जाते. नुसते एफ काढा म्हटलं की अर्ज तपासणारी समिती हमखास विचारते, बाकीचे विषय कसे जमले? फी परत मिळेल हे मात्र धरून चालू नका.

आणि अर्जाआधी डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा कॉलेजचा अधिकारी) भेटाच. आजारपणामुळे कमी क्रेडिट घ्यायची परवानगी आधीच काढावी लागते, नंतर जुन्या तारखेने मिळत नाही. घरी काय सांगायचं ते नंतर बघू.