ऊर्जा नष्ट होत नाही, मग कार्यक्षमता १०० टक्के का नसते?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. ‘ऊर्जा नष्ट होत नाही, तर मग यंत्राची कार्यक्षमता १०० टक्के का नसते, उरलेली जाते कुठे?’ असं तिनं विचारलं. हीटर मात्र १०० टक्के कार्यक्षम असतो म्हणतात, ते खरं का? विज्ञान प्रदर्शनासाठी एखादा प्रयोगही सुचवा. आम्ही कोल्हापुरात राहतो.

उत्तर:

‘जाते कुठे’ हा खरा प्रश्न आहे आणि मुलीनं नेमका तोच विचारलाय. ‘घर्षणात वाया जाते’ एवढं लिहिलं की पेपरात गुण मिळतात, पण त्यानं मुलांच्या डोक्यात असं बसतं की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम पुस्तकापुरता आणि प्रत्यक्षात ती संपतेच. गेलेल्या ऊर्जेचा हिशेब ज्यूलमध्ये लावता येतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पंचगंगेच्या काठावरचा एखादा शेतीपंप पुरतो.

आमच्या मळ्यावर केलेलं मोजमाप सांगतो. ५ एचपीची थ्री-फेज मोटर, तिला जोडलेला सेंट्रिफ्युगल पंप, नदीत फूट व्हॉल्व्ह (पाईपच्या बुडलेल्या टोकाची जाळीवाली झडप) आणि वर रानापर्यंत १८० मीटर अडीच इंची डिलिव्हरी पाईप. उसाच्या सऱ्या भरायला वेळ फार लागत होता. दाजींचं म्हणणं, साडेसात एचपीची मोटर घ्या. माझं म्हणणं, मोटर आहे तीच राहू दे, पाईप तीन इंची करा. मोजल्याशिवाय हा वाद मिटणारा नव्हता. मोजायच्या गोष्टी तीनच: पाणी, उंची आणि वीज.

पाण्यासाठी २०० लिटरचा बॅरल घेतला. बॅरल काठोकाठ भरून २०० धरायचे नाहीत, कारण काठापर्यंत तो त्याहून जास्त पाणी घेतो. २० लिटरच्या मापाची बादली दहा वेळा ओतून आतून खूण केली. पंप सुरू केल्यावर पाईपमधली हवा निघून धार एकसारखी व्हायला दोन-तीन मिनिटं दिली आणि मग पाईपचं तोंड बॅरलमध्ये वळवून खुणेपर्यंतची वेळ घेतली. पाच वेळा मोजून सरासरी ३२ सेकंद आली. म्हणजे सेकंदाला ६.२५ किलो पाणी.

उंचीत बहुतेक जण चुकतात. उंची पंपापासून धरायची नाही. नदीच्या पाण्याच्या पातळीपासून पाईपच्या तोंडापर्यंतची उभी उंची धरायची, कारण सक्शनच्या, म्हणजे नदीतून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या बाजूलाही पाणी वर चढतंच. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी आणि दोन काठ्या घेऊन काठ टप्प्याटप्प्यानं मोजला. चौदा टप्प्यांत २० मीटर भरले. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन्ही तोंडं शेजारी धरून पातळी जुळते का ते बघायचं. उंचीच्या जागी पाईपची लांबी घालणारी मुलं मी पाहिली आहेत. इथे १८० घातले तर कार्यक्षमता २७५ टक्क्यांच्याही पार जाते. आकडा १०० च्या वर गेला की नवा शोध लागलेला नसतो, उंची पुन्हा मोजायची असते.

विजेसाठी मीटरवरचा लाल दिवा. मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ८०० होते. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल, तेव्हा दिव्याची प्रत्येक लुकलुक ४५०० ज्यूलची. मिनिटाला ५३ लुकलुकी मोजल्या. ५३ गुणिले ४५०० भागिले ६०, म्हणजे ३९७५ वॅट. मोटरच्या पाटीवरचे ५ एचपी इथे घ्यायचे नाहीत. पाटीवरचा आकडा शाफ्टवर (मोटरच्या फिरत्या दांड्यावर) मिळणाऱ्या शक्तीचा असतो, मोटर विजेच्या तारेतून किती ओढते त्याचा नव्हे. पूर्ण भारावर ती पाटीपेक्षा जास्तच ओढते.

आता हिशेब. सेकंदाला ६.२५ किलो पाणी २० मीटर चढलं, म्हणजे ६.२५ × ९.८ × २० = १२२५ ज्यूल स्थितिज ऊर्जा. दिली ३९७५. कार्यक्षमता ३१ टक्के.

पाईप तीन इंची केला. मोटर तीच, पंप तोच, उंची तीच. बॅरल २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ किलो. लुकलुकी ५६, म्हणजे ४२०० वॅट. पाण्याला मिळाली १५६८ ज्यूल प्रतिसेकंद. कार्यक्षमता ३७ टक्के. एका युनिटमागे आधी साधारण ५६६० लिटर पाणी रानात येत होतं, आता ६८५० लिटर.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उरलेल्या ६३ टक्क्यांचं काय झालं? ही वाटणी मी अंदाजानं मांडतोय, पण एकूण बेरीज मोजलेली आहे. अशा मोटरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली तर ४२०० पैकी ६३० वॅट मोटर तापवण्यात जातात. मोटरच्या पंख्यातून गरम वारा येतो तो हाच. उरलेले ३५७० शाफ्टवर. पंप ६० टक्क्यांचा धरला तर साधारण १४३० वॅट इम्पेलरमध्ये (पंपातल्या फिरत्या चाकात) पाणी घुसळण्यात जातात. १८० मीटर पाईप, बेंड आणि फूट व्हॉल्व्ह यांच्या घर्षणात आणखी ५८० च्या आसपास. ही घुसळण आणि हे घर्षण, मिळून २००० वॅट, उष्णता होऊन पाण्यातच मुरतात. मग पाणी तापलेलं का लागत नाही? कारण पाणी सेकंदाला ८ किलो वाहतंय. ८ किलो पाणी एक अंशानं तापवायला ३३,४०० ज्यूल लागतात. २००० भागिले ३३,४०० म्हणजे ०.०६ अंश. शाळेतला थर्मामीटर एक अंशाच्या खुणांचा, त्याला हे दिसणारच नाही. ऊर्जा तिथेच आहे, पण इतक्या पाण्यात इतकी पातळ पसरली आहे की ती गोळा करून पुन्हा मोटर फिरवता येत नाही. ‘वाया गेली’ याचा अर्थ एवढाच.

मुलीला आणखी एक गोष्ट जरूर दाखवा. टप्प्यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार होतो, सरासरी नाही. मोटर ०.८५, पंप ०.६० आणि पाईप ०.७३ (पंपातून निघालेल्या २१४० वॅटपैकी १५६८). ०.८५ × ०.६० × ०.७३ = ०.३७. सरासरी काढली तर ७३ टक्के येतात आणि बॅरल ते मान्य करत नाही. साखळीतला एक टप्पा रद्दी असला की बाकीचे कितीही चांगले असून भागत नाही.

आता पाईपनं एवढा फरक का पडला ते. पाणी तेवढंच न्यायचं असेल तर घर्षण पाईपच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. अडीचाचा पाईप तीनचा केला तर ३ भागिले २.५ म्हणजे १.२, आणि १.२ चा पाचवा घात सुमारे २.५. अर्ध्या इंचानं घर्षण अडीचपट कमी. उलट त्याच पाईपमधून दुप्पट पाणी रेटायला गेलात तर घर्षण चौपट होतं आणि त्या घर्षणावर खर्च होणारी शक्ती आठपट. अडीच इंची पाईपवर साडेसात एचपी बसवणं म्हणजे चिंचोळ्या बोळात जादा माणसं ढकलणं. पाणी थोडं वाढतं, युनिटं भसाभस वाढतात. ज्यांच्या शेतीपंपाचं बिल मीटरवर नसून एचपीवर ठरतं, त्यांना हे बिलात दिसत नाही, म्हणूनच ‘मोटर मोठी करा’ हा सल्ला गावोगाव टिकून आहे. माझ्या मते पाण्याची तक्रार आली की आधी पाईप, फूट व्हॉल्व्हची जाळी, उगाच घातलेले बेंड आणि ग्लँडमधून (शाफ्टभोवतीच्या सीलमधून) सक्शनला शिरणारी हवा, या क्रमानं तपासावं. मोटरला सगळ्यांत शेवटी हात लावावा.

प्रदर्शनासाठी थर्माकोलचं धरण आणि त्यावर लुकलुकणारे दिवे करू नका. त्यात एकही ज्यूल मोजला जात नाही. राधानगरीचं धरण दाखवायचंच असेल तर हे सांगा की तिथे पाणी खाली पडताना स्थितिज ऊर्जेची वीज होते, तेच पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि आपण वीज खर्चून त्याला पुन्हा वर चढवतो. दोन्हीकडे सूत्र एकच, वस्तुमान × ९.८ × उंची.

मुलीनं घरी करायचा प्रयोग इलेक्ट्रिक केटलचा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीज आणि इंटरनेटचा राउटरसुद्धा. किचनच्या वजनकाट्यावर बरोबर १ किलो पाणी घ्या. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर हवा, तापाचा चालत नाही. सुरुवातीचं तापमान समजा २५. एक जण मीटरच्या दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेईल आणि लुकलुकी नंतर सावकाश मोजेल. मीटर ३२०० इम्पल्सचा असेल तर एक लुकलुक ११२५ ज्यूलची. ७५ अंशांच्या जवळ आल्यावर केटल बंद करा, वायर काढा, पाणी ढवळा आणि सर्वांत वरचं तापमान नोंदवा. बंद केल्यावरही तापलेला तळ थोडी उष्णता सोडत राहतो, म्हणून घाईनं नोंद घेतली तर आकडा कमी येतो. उकळी येऊ देऊ नका. वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे २२५७ ज्यूल निघून जातात आणि ते तापमानात दिसत नाहीत.

५० अंशांची वाढ झाली तर पाण्याला मिळाले १ × ४१८० × ५० = २,०९,००० ज्यूल. लुकलुकी २०५ आल्या तर दिले २,३०,६०० च्या आसपास. कार्यक्षमता ९१ टक्के. उरलेल्यातलं मोठं माप केटलच्या भांड्यातच सापडतं. अर्धा किलो स्टील ५० अंश तापायला साधारण १२,५०० ज्यूल खातं. हे धरल्यावर ९६ टक्के हिशेबात आले. बाकीचे हवेत आणि वाफेत. पाणी अर्धा किलो घेऊन पुन्हा करा. टक्केवारी उतरेल, कारण भांडं तेवढंच आहे. तक्त्यात ही दोन्ही मापं शेजारी लावली तर परीक्षकाला विचारायला काहीतरी राहील.

हीटरचं १०० टक्के खरं आहे, पण अर्धं. बाकी यंत्रांत उष्णता ही गळती असते, हीटरमध्ये तोच माल. म्हणून कॉइलपुरतं बघितलं तर जवळजवळ सगळी वीज उष्णता होते. पण कोळशाच्या वीजकेंद्रात कोळशातल्या रासायनिक ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच वीज होऊन बाहेर येतो, तारांमधली गळती त्यानंतरची. तिथून मोजलं तर केटल ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. घरगुती गॅस शेगडीला भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता लागते, तीही ठरवून दिलेल्या भांड्यावर. रुंद बर्नरवर छोटं पातेलं ठेवलं की ती घसरते. तेव्हा कार्यक्षमता सांगताना ‘कुठून कुठपर्यंत’ हे लिहिलं नसेल तर त्या आकड्याला मी शून्य गुण देईन. वीज सौर किंवा जलविद्युत असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, तेही मुलीला सांगा.

दोन गोष्टी राहिल्या. पंपाच्या स्टार्टरला मुलांनी हात लावायचा नाही, मीटर लांबून बघायचा. आणि दाजी अजून म्हणतात की पाईप बदलला त्या दिवशी व्होल्टेज चांगलं होतं. व्होल्टेजमुळे जादा वीज ओढली गेली असेल तर तीही लुकलुकींत आली आणि त्या मी मोजल्यात. फरक एका युनिटमागच्या पाण्यात आहे. मात्र पाईप बदलताना फूट व्हॉल्व्हची जाळीही धुतली होती, त्यामुळे ६ टक्क्यांतला काही भाग जाळीचा असणार. हे वेगळं काढायचं तर जाळी न धुता पाईप बदलायचा, बॅरल भरायचा, मग जाळी धुऊन पुन्हा भरायचा. नदी मधल्या दिवसांत उतरली असेल तर उंची दोन्ही वेळा नव्यानं मोजायची.