गळतीची प्रश्नोत्तरे : आधी पाणी कुठून येतंय ते बघा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊस येतो आणि जुलै उजाडला की माझ्या फोनवर भिंतींचे फोटो यायला लागतात. अंधारात काढलेले, फ्लॅशने चकाकणारे, खाली एकच ओळ : 'मॅडम, काय करू?' इमारतीच्या सांगाड्याचं निदान फोटोवरून होत नाही, हे सांगून मी थकले. तरी तेच तेच प्रश्न येतात म्हणून यंदा काही एकत्र घेते.

प्रश्न : आमच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, रंगाचे पोपडे निघतात. रंगाच्या दुकानात सांगितलं की आतून वॉटरप्रूफ रंग मारा. मारू का? (गोरेगाव)

नका मारू. पाणी बाहेरून येतंय आणि तुम्ही दार आतून लावताय. आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. पाऊस नुसता वरून पडत नाही, भिंतीवर आडवा येऊन आपटतो. सांताक्रूझला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस होतो, त्यातला बराचसा मार हीच बाजू खाते. म्हणून तुमची पश्चिमेची भिंत ओली आणि शेजाऱ्यांची पूर्वेची कोरडी. त्यात त्यांच्या रंगाचं काही कर्तृत्व नाही. आतून रंगाचा जाड थर दिला की भिंतीतलं पाणी अडकतं, रंगाला फुगे येतात किंवा ओल बाजूच्या भिंतीत सरकते.

बाहेरून बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेर उतार आहे का, छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे फट आहे का, बीम आणि विटांच्या सांध्यावर आडवी भेग आहे का, एसीच्या स्टँडचे बोल्ट कुठे ठोकलेत. गेल्या वर्षी एका घरी दोनदा रंगकाम झालं होतं. शेवटी कारण निघालं ते केबलवाल्याने बाहेरून आत ड्रिलने पाडलेलं, करंगळीएवढं भोक. त्याचा उतार घराच्या आत होता.

आता एवढंच करा : ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, तारीख घाला. मोठी सर आल्यावर डाग किती वेळात आणि कोणत्या बाजूला वाढतो ते टिपून ठेवा. माझ्यासारखा कोणी तपासायला आला की ही रेघ त्याला तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल. काम दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. बाहेरची भिंत सोसायटीची असते, तेव्हा सेक्रेटरींना लेखी पत्र आजच द्या.

प्रश्न : बाथरूमच्या छतातून ठिबकतं. वरचे म्हणतात पावसाचं पाणी आहे, आमचा संबंध नाही. खर्च कोणाचा? (मुलुंड)

वरच्यांच्या वरही मजला असेल, तर पाऊस तुमच्या बाथरूमपर्यंत पोचायला वाट कुठली? बाहेरून जाणारा पाइप फुटला असेल तरच. एप्रिलमध्येही ठिबकत होतं का, ते आठवा. ठिबकत असेल तर पावसाला सोडून द्या.

वादावर तोडगा चाचणीचा आहे. वरच्या बाथरूमची नहाणी, म्हणजे पाणी वाहून जाण्याचं भोक, बंद करून दोन इंच पाणी, रंग टाकून, दिवसभर उभं ठेवायचं. शिवाय नळांचा मुख्य कॉक काही तास बंद ठेवून ठिबकणं थांबतं का ते बघायचं. थांबलं तर दाबाची, म्हणजे नळांना पाणी आणणारी पाइपलाइन, नाही थांबलं तर फरशी किंवा निचरा. हे दोन्ही घरांच्या समोर, प्लंबर आणि इंजिनियर हजर असताना करा, नाहीतर नंतर 'तुम्हीच पाणी ओतलंत' सुरू होतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्या सभासदाची त्याच्या खर्चाने. पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने. पटत नसेल तर वकिलाआधी इंजिनियरचा लेखी अहवाल घ्या.

प्रश्न : कपाटामागे बुरशी येते, कपड्यांना वास लागतो. कापूर ठेवला तर जाईल? (दादर)

वास दबेल, बुरशी जाणार नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पंखा लावून वारा खेळू द्या. तरी आली तर भिंतीत पाणी आहे, तपासून घ्या. घरात कोणाला दमा असेल तर डॉक्टरांनाही विचारा.

प्रश्न : गच्ची गळते. एक कंपनी म्हणते, जुना कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) न तोडता वरून नवा कोबा करू, दहा वर्षांची गॅरंटी. दुसरी म्हणते, केमिकलचा कोट मारू, दोन दिवसांत काम. कोणाचं ऐकावं? (बोरिवली)

आत्ता दोघांचंही नाही. भर पावसात ओल्या गच्चीवर मारलेला कोट ऑक्टोबरमध्ये पापडासारखा सुटतो. तेव्हा दिवसभर गच्ची तापते, संध्याकाळी वळवासारखी एखादी सर येते, स्लॅब आक्रसतो आणि भेगा उघडतात.

पहिल्या कंपनीचा प्रस्ताव जास्त धोक्याचा आहे. विटांच्या तुकड्यांचा चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीवर माणसं-सामान मिळून जो भार धरतात तो चौरस मीटरला दीडशे किलो. म्हणजे कोब्यावर कोबा चढवताना तुम्ही गच्चीवर कायमची गर्दी उभी करताय, आणि ती रात्रीसुद्धा घरी जात नाही. अंधेरीत एका गच्चीवर आम्ही भोक पाडून पाहिलं तर तीन कोबे एकावर एक निघाले, बुंदीच्या लाडवाच्या डब्यातल्या थरांसारखे. खाली स्लॅब होता कसाबसा.

गॅरंटीचं म्हणाल, तर कागद नीट वाचा. 'इमारतीची हालचाल, भेगा आणि इतरांनी केलेलं काम वगळून' असं लिहिलेलं असतं. मग उरलं काय? आधी स्वतंत्र इंजिनियरकडून जुना थर तोडायचा की नाही, उतार किती, पाणी उतरणारे पाइप पुरेसे आहेत का, हे ठरवून घ्या. बऱ्याच गच्च्यांचा आजार म्हणजे तुंबलेली जाळी आणि पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेचा फुटलेला वाटा (सांध्यावरचा सिमेंटचा गोलसर उतार), एवढाच असतो. जाळी मात्र आजच साफ करा, त्याला सल्ला लागत नाही.

प्रश्न : मग तोवर पत्र्याची शेड टाकली तर? (बोरिवलीचेच)

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसची परवानगी घेऊनच, आणि पत्रे कसे बांधायचे ते इंजिनियरला विचारून. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पत्रे कसे उडाले ते आठवा.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या छताचा तुकडा पडला, आत गंजलेली सळई दिसते. मिस्त्रीने सिमेंट लावून बुजवलं. आता तिथेच परत भेग आली आहे. सोसायटी म्हणते, पुढच्या वार्षिक सभेत बघू. इमारत 38 वर्षांची आहे, समुद्रापासून जवळ. फॉल्स सीलिंग करून घेऊ का? (माहीम)

या पत्राला जरा जास्त जागा देणार आहे, कारण बाकीच्या पत्रांतली ओल त्रासाची आहे, ही जिवाची.

काँक्रीटमधली सळई गंजत नाही ती काँक्रीटच्या क्षारधर्मामुळे. ताज्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या घरात असतो आणि तेवढ्यात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो, पीएच नऊच्या आसपास उतरतो आणि तो थर मोडतो. समुद्राजवळ मिठाची भर पडते, ती पीएच चांगला असला तरी थर फोडते. मग ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज. गंज मूळच्या लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो. ती जागा तो काँक्रीट फोडून मिळवतो. तुमच्या छताचा तुकडा वरून पाणी आल्यामुळे गळून पडलेला नाही, आतून ढकलला गेला आहे.

म्हणून मिस्त्रीचं सिमेंट टिकलं नाही. त्याने सळई न घासता वरून गिलावा दिला. आत गंज तसाच चालू. खरं काम असं असतं : खाली टेकू लावून भार घ्यायचा, सळईच्या मागून बोट जाईल इतकं काँक्रीट तोडायचं, गंज पूर्ण घासून काढायचा, सळई फार झिजली असेल तर जोड द्यायची, गंजरोधक लेप, मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट, म्हणजे दुरुस्तीचा खास मसाला. कुठे किती, हे तिथे हातोडी घेऊन उभा असलेला इंजिनियर ठरवतो, मी इथून नाही. मी पहिल्यांदा हातोडीच वापरते. धड काँक्रीट 'टण' वाजतं, सुटलेलं 'ठप' करतं, रिकाम्या डब्यासारखं.

फॉल्स सीलिंग? माहीमलाच एका घरी जिप्समचं देखणं सीलिंग, कडेने पिवळे दिवे. दोन बोर्ड काढायला लावले. वर सळईचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे हाताने निघत होते आणि सुटलेली काँक्रीटची ढेपं त्या जिप्समवरच विसावली होती. घरच्यांना वाटत होतं, छत आता गळत नाही. गळत होतं, पण त्यांना दिसत नव्हतं.

आता सोसायटीबद्दल. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. मुंबईत 30 वर्षांवरच्या इमारतीने महापालिकेकडे नोंदणी असलेल्या इंजिनियरकडून तपासणी करून दाखला द्यायचा, हे महापालिका कायद्याच्या 353ब कलमातच आहे. 38 वर्षांच्या इमारतीला 'पुढच्या सभेत बघू' म्हणायची सोयच नाही. तुमचा अहवाल आधी झाला असेल तर मागून घ्या. झालाच नसेल तर सेक्रेटरींना पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि हे सभेची वाट न बघता : तो कोपरा रिकामा करा, त्याखाली उभं राहून पोळ्या लाटू नका. तळमजल्यावर, पार्किंगमध्ये जाऊन कॉलम बघा. कॉलमवर उभी भेग, गंजाचे तपकिरी ओघळ, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागणं, रात्री कडकड आवाज येणं, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी इंजिनियरला बोलवा, आणि भेग वाढताना दिसली तर आधी घराबाहेर पडा, मग फोन करा. टेकू पावसातही लावता येतात. 'सध्या पाऊस आहे' हे रंग पुढे ढकलायचं कारण आहे, टेकूचं नाही.

प्रश्न : एक कंत्राटदार ऑडिट फुकट करून देतो म्हणतो. करून घ्यावं का? (चेंबूर)

दुरुस्तीचं कंत्राट त्यालाच मिळणार असेल तर अहवालात काय येईल, ते तुम्हीच सांगा. पुनर्विकासासाठी उत्सुक बिल्डरने आणून दिलेल्या ऑडिटचंही तेच. तिथे इमारत नेमकी सी-1, म्हणजे राहायला धोकादायक, निघते. दोन अहवाल परस्परविरोधी असले तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इंजिनियर तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या. काँक्रीट किती धड आहे, सळई गंजतेय का आणि पीएच कुठवर उतरलाय हे सांगणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल आणि कार्बोनेशन या चाचण्यांचे आकडे जोडपत्रात मागा. नुसते फोटो आणि 'दुरुस्ती आवश्यक' एवढंच असेल तर तो अहवाल नव्हे, दरपत्रकाची प्रस्तावना आहे.

प्रश्न : पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवलाय. घरातले म्हणतात, पिंपळ तोडू नये. (गिरगाव)

रोप असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावा, पूजाही तिथेच करा. नुसता शेंडा खुडलात तर मूळ जाड होतं आणि पाइप फोडतं. हात पोचत नसेल तर खिडकीतून वाकू नका, दोरावर उतरणारा माणूस बोलवा.