नऊ एकांनंतर काय?

प्रिय विद्यार्थी मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही तू पाठवलेली संख्या मिळाली. १११११११११ चा, म्हणजे ओळीने लिहिलेल्या नऊ एकांचा, हा वर्ग. देखणी आहे, वादच नाही. पण आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेव. (एक्सेलवर तर मुळीच विसंबू नकोस. ते पंधराच अंक धरतं आणि शेवटच्या २१ च्या जागी बेधडक ०० मांडतं.) कागदावर उभा गुणाकार कर. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक एक, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ, पुढे उतरती भाजणी. हातचा कुठेच येत नाही. सगळी करामत त्या न आलेल्या हातच्याची आहे.

अवयवही पाडून बघ: ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच मूळ अवयव निघतात.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हणत. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. साधी डेम्लो संख्या म्हणजे २५५३: टोकांचे २ आणि ३ मिळवले की ५, आणि मध्ये सगळे ५. तुझ्या संख्येतही पहिले आठ अंक आणि शेवटचे आठ अंक मिळव: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मधला अंकही ९.

आता दहा एक घे. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा येतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या अंकांतला आठ गायब, मध्ये दोन शून्यं. बहुतेक मुलं इथे ‘नियम मोडला’ म्हणून वही मिटतात. तू मिटू नकोस. उजवीकडचे दहा अंक तोड आणि दोन्ही तुकडे मिळव:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

ज्याचा वर्ग केला तीच संख्या परत आली! ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, ही कापरेकर संख्यांची जातकुळी; तुझे दहा एक त्यातलेच निघाले. नऊ एकांना हे जमत नाही, तिथे बेरीज ९९९९९९९९९ येते.

असं का, ते शोधताना दहा एकांमधून १ वजा कर: ११११११११११ − १ = ११११११११०. अरे, एक अंक राहिलाच: १११११११११०. नऊ एक आणि एक शून्य, अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. दहा अंकांचे तुकडे मिळवणं म्हणजे ९९९९९९९९९९ ने भागून बाकी बघण्यासारखंच, आणि ती संख्या म्हणजे दहा एकांची नऊपट. बाकीची जुळणी तुला दोन ओळींत करता येईल.

ती झाली की एकोणीस एक घे. तिथेही हेच होतं, मधल्या अकरा ते अठरांत मात्र नाही. कारण लिहून पाठव.

तुझा,
सर